सुपरसॉनिक टार्गेट ड्रोनसाठी रॅमजेट: फिरता भाग नसलेलं इंजिन कुठे अडतं?

प्रश्न असा आहे: रॅमजेट म्हणजे स्वतःच्या वेगानंच आत शिरणारी हवा दाबणारं जेट इंजिन; त्यात हवा दाबणारा फिरता कॉम्प्रेसर नाही, त्याला फिरवणारं टर्बाइन नाही, म्हणजे हे दोन्ही असलेल्या टर्बोजेटपेक्षा ते स्वस्त आणि साधं. मग आवाजाच्या दुप्पट-अडीचपट वेगानं उडणाऱ्या प्रत्येक टार्गेट ड्रोनला (क्षेपणास्त्रांच्या सरावात पाडण्यासाठी उडवायच्या मानवरहित विमानाला) हेच इंजिन का नसतं? आणि जिथे आहे तिथे ते जुळवून आणणं इतकं जिकिरीचं का होतं?

थोडक्यात सांगायचं तर, कॉम्प्रेसर काढला तरी कॉम्प्रेसरचं काम उरतंच. ते काम इनटेकच्या, म्हणजे हवा आत घेणाऱ्या तोंडाच्या, आकारावर आणि विमानाच्या वेगावर येऊन पडतं. टर्बोजेटमध्ये वेग कमी झाला तरी रोटर फिरत असतो, इंजिन स्वतःला सावरतं. रॅमजेटचा वेग गेला की दाब गेला, दाब गेला की थ्रस्ट (पुढे ढकलणारा जोर) गेला. त्यामुळे रॅमजेट एका ठरावीक वेगाभोवती, ठरावीक उंचीच्या पट्ट्यासाठी जुळवावं लागतं. टार्गेट ड्रोनच्या बाबतीत ही अट सोयीची आहे, कारण त्याला तेवढंच करायचं असतं. अडचण येते ती त्या बिंदूपर्यंत पोचताना आणि तिथून थोडं ढळल्यावर.

आधी रॉकेट का पुरत नाही ते आकड्यांत पाहू. समुद्रसपाटीजवळ मॅक २.५, म्हणजे आवाजाच्या अडीचपट वेग, होतो सेकंदाला साधारण ८५० मीटर. टार्गेटला या वेगानं १०० किलोमीटर जायचं असेल तर ११७ सेकंद लागतात. ३५ सेंटिमीटर व्यासाचं अंग धरा. या वेगाला समुद्रसपाटीवर गतिज दाब सुमारे ४४३ किलोपास्कल असतो. ड्रॅग गुणांक ०.२५ धरला तर ड्रॅग (हवेचा विरोध) येतो साधारण १०.६ किलोन्यूटन. एवढा थ्रस्ट ११७ सेकंद घन इंधनाच्या रॉकेटनं द्यायचा, तर २५० सेकंदांच्या विशिष्ट आवेगानं (प्रणोदकातून त्याच्या वजनाएवढा थ्रस्ट किती सेकंद मिळतो ते माप) ५०० किलोहून अधिक प्रणोदक लागतं. ते न्यायला अंग मोठं करावं लागतं, आणि मोठ्या अंगाचा ड्रॅग पुन्हा वाढतो. केरोसिनवरच्या रॅमजेटचा विशिष्ट आवेग या वेगाला १,५०० ते १,८०० सेकंदांच्या आसपास असतो, कारण ऑक्सिजन सोबत न्यायचा नसतो. तेच अंतर ७०-८५ किलो इंधनात होतं. उंचावरून जाणाऱ्या टार्गेटला रॉकेट चालतं, हवा विरळ असल्यामुळे ड्रॅगच कमी असतो; एक्यूएम-३७ सारखी रॉकेटवरची टार्गेटं दशकानुदशकं त्याच जोरावर टिकली. खरी गरज आहे ती लाटांच्या काही मीटर वरून मॅक २ च्या पुढे सलग मिनिट-दोन मिनिटं जाणाऱ्या टार्गेटची.

टर्बोजेटनं सुपरसॉनिक टार्गेट होतं, फायरबी-२ हे त्याचं उदाहरण. पण समुद्रसपाटीवर मॅक २.५ ला आत येणारी हवा थांबली की तिचं तापमान ६४८ केल्विन, म्हणजे ३७५ अंश सेल्सियस होतं. इतकी तापलेली हवा कॉम्प्रेसरनं अजून दाबायची म्हणजे शेवटच्या पायऱ्यांना आणि टर्बाइनला लागणारा धातू पाडून टाकायच्या वस्तूला परवडणारा राहत नाही. शिवाय या वेगाला इनटेकमध्येच दाब दहापटीहून जास्त वाढतो, कॉम्प्रेसरकडे फारसं काम उरत नाही.

आता इनटेक. मॅक २.५ ला हवा तोटा न होता थांबवता आली तर दाब १७ पट होतो. सरळ उभ्या शॉकनं (आवाजापेक्षा वेगवान हवा जिथे एकदम मंदावते त्या दाबाच्या पातळ पडद्यानं) थांबवली तर त्यातला निम्माच हाती लागतो. मॅक २ ला तो तोटा २८ टक्के असतो, मॅक ३ ला ६७ टक्के. म्हणून नाकावर शंकू ठेवतात. त्याच्या तिरक्या शॉकांत हवा टप्प्याटप्प्यानं मंदावते आणि शेवटचा उभा शॉक कमी वेगाला बसतो. मॅक २.५ ला प्राथमिक आराखड्यासाठी वापरलं जाणारं लष्करी मानकाचं सूत्र ८७ टक्के दाब मिळेल असं सांगतं. लहान टार्गेटवर, थोड्या हल्ल्याच्या कोनात (नाक हवेला किंचित तिरकं), सीमास्तर (पृष्ठभागालगतचा मंद हवेचा थर) जाड असताना मी ८० टक्केच धरेन. पहिल्या आराखड्यात ८७ धरून पुढचं सगळं गणित मांडणं हा नेहमीचा घोळ आहे. नंतर थ्रस्टमधला सगळा राखीव भाग तिथेच जातो.

किती बारीक हिशेब असतो ते बघा. १६ सेंटिमीटर व्यासाचं इनटेकचं तोंड, म्हणजे ०.०२ चौरस मीटर. समुद्रसपाटीवर मॅक २.५ ला यातून सेकंदाला सुमारे २१ किलो हवा आत येते. ज्वलनकक्षात दाब १३-१४ बार. हवा मॅक ०.२ पर्यंत मंदावायची तर कक्षाचा व्यास साधारण १९ सेंटिमीटर लागतो. केरोसिन पूर्ण जळायला हवेच्या ६.८ टक्के इंधन लागतं. त्याच्या निम्मं, म्हणजे ३.४ टक्के टाकलं तर सेकंदाला ०.७ किलो. तापमान १,७५० केल्विनच्या आसपास जातं, आणि नॉझलचे व ज्वलनाचे तोटे धरून कागदावर ११ किलोन्यूटनच्या जवळपास निव्वळ थ्रस्ट येतो. वर ड्रॅग काढला होता १०.६. म्हणजे हातात राहिला जेमतेम अर्धा किलोन्यूटन. ड्रॅग गुणांक ०.२५ ऐवजी ०.२८ निघाला, एखादं अँटेनाचं झाकण, रडार रिफ्लेक्टरचा उंचवटा किंवा जोडांतली पायरी हिशेबात धरायची राहून गेली, की हा राखीव भाग संपला आणि टार्गेट वेग गमावू लागलं. मिश्रण वाढवून थ्रस्ट वाढवता येतो, पण त्याला पुढे सांगतो तशी मर्यादा आहे.

ती मर्यादा उष्णतेनं होणाऱ्या कोंडीची. नळीतून सबसॉनिक, म्हणजे आवाजापेक्षा कमी, वेगानं जाणाऱ्या हवेत उष्णता घातली की तिचा मॅक वाढतो, आणि तो १ ला पोचला की आणखी उष्णता मावत नाही. वरचा प्रवाह मागे ढकलला जातो. सरळ नळीत प्रवेशाला मॅक ०.२ असेल तर एकूण तापमान ५.८ पट वाढवता येतं. मॅक ०.२५ ला ३.९ पट. मॅक ०.३ ला फक्त २.९ पट. म्हणजे ६४८ केल्विनच्या हवेला १,८७० च्या पुढे नेताच येत नाही. अंग बारीक ठेवण्याच्या मोहात कक्षाचा व्यास दोन सेंटिमीटरनं कमी केला तर मॅक ०.२ चा ०.२५ होतो. आराखड्याच्या बैठकीत व्यास कमी करा असा आग्रह धरणाऱ्याला हे तीन आकडे दाखवावेत, वाद तिथेच मिटतो.

कोंडी किंवा जास्त इंधनामुळे कक्षातला दाब वाढला की इनटेकमधला शेवटचा उभा शॉक पुढे सरकतो. तो घशाच्या (इनटेकच्या सगळ्यात अरुंद जागेच्या) थोडा मागे, पसरत्या भागात असतो तोवर ठीक. तोंडाच्या बाहेर आला की जादा हवा बाजूनं सांडते, ड्रॅग वाढतो, आणि बहुतेक वेळा शॉक तिथे स्थिर राहत नाही. तो आत-बाहेर धावू लागतो. याला बझ म्हणतात. शंकूच्या टोकाकडून आलेल्या तिरक्या आणि उभ्या शॉकांच्या संगमातून निघणारा वेगातल्या फरकाचा पट्टा काउलच्या (इनटेकभोवतीच्या कवचाच्या) ओठाआत शिरला की बझ सुरू होतो, ही फेरी या संशोधकाची कसोटी आजही पहिल्या अंदाजाला पुरते. दुसरं कारण असतं शंकूवरच्या सीमास्तराचं विलगीकरण. बझची वारंवारता बऱ्याचदा काही दहा हर्ट्‌झ असते आणि दाबाचे झोके इतके मोठे असतात की ज्योत दोन-तीन आवर्तनांतच विझते. दोन बाजूंना दोन इनटेक असतील तर एकात बझ, दुसऱ्यात नाही, असं होऊन अंग एकदम आडवं वळतं.

म्हणून चालवण्याचा बिंदू मुद्दाम थोडा मागे, सुपरक्रिटिकल बाजूला ठेवतात. शॉक पसरत्या भागात खोल बसवला की दाब थोडा वाया जातो, पण झोक्यांना जागा मिळते. किती मागे, हे ज्वलनकक्ष किती शांत आहे त्यावर ठरतं. रॅमजेटच्या कक्षात १०० ते ५०० हर्ट्‌झच्या पट्ट्यात लांबीच्या दिशेनं दाबाचे हेलकावे येतात; तो दाब थेट इनटेकच्या शॉकला ढकलतो. कक्षात सरासरीच्या ५ टक्के झोके असतील आणि इनटेकला राखीव जागा ४ टक्के असेल तर पुढे काय होणार हे सांगायला नको. उपाय सरळ आहेत, पण सगळे काहीतरी घेऊनच देतात: इंधनाचे फवारे दोन वेगळ्या अंतरांवर वाटणं, फ्लेमहोल्डरच्या (ज्योत धरून ठेवणाऱ्या अडथळ्याच्या) कडा एकाच पातळीत न ठेवता पुढे-मागे करणं, मिश्रण पातळ करणं.

ज्योत टिकवण्याचा प्रश्न वेगळा. ६४० केल्विनच्या हवेत मॅक ०.२ म्हणजे सेकंदाला १०० मीटर. खळबळत्या प्रवाहातही ज्योतीचा स्वतःचा वेग काही मीटरच. त्यामुळे इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराच्या पन्हळी किंवा अचानक रुंद होणारी पायरी ठेवून त्यामागे गरम वायूचा भोवरा अडकवतात. पन्हळींनी कक्षाच्या छेदाचा ३०-४० टक्के भाग व्यापला तर ज्योत चांगली धरते, पण दाबाचा तोटा वाढतो. विझण्याची कसोटी साधारण अशी: वेग जितका जास्त, दाब आणि पन्हळीची रुंदी जितकी कमी, तितकी ज्योत उडण्याची शक्यता जास्त. टार्गेटला समुद्रसपाटीवर १३-१४ बार मिळतात, तिथे ज्योत मजेत जळते. तेच इंजिन ११ किलोमीटरवर मॅक २.५ ला नेलं तर कक्षात फक्त ३ बार आणि हवा ४८७ केल्विन. केरोसिनचे थेंब नीट वाफाळत नाहीत, ज्योत काठावर येते. समुद्रालगत आणि उंचावर अशा दोन्ही मार्गांसाठी एकच टार्गेट हवं असं सांगणाऱ्या ग्राहकाला हा फरक सुरुवातीलाच दाखवून द्यावा.

आता सगळ्यात जास्त उड्डाणं जिथे वाया जातात तो टप्पा: बूस्टरकडून (सुरुवातीचा वेग देणाऱ्या रॉकेटकडून) रॅमजेटकडे जाण्याचा. मॅक २ च्या खाली हे इंजिन नीट ओढत नाही, कारण शंकूचे शॉक काउलच्या ओठापुढे जातात, हवा सांडते आणि त्या सांडण्याचाही ड्रॅग लागतो. बूस्टरनं टार्गेट मॅक २.१-२.२ पर्यंत न्यायचं. ६०० किलोचं अंग पाच सेकंदांत ७०० मीटर प्रतिसेकंदाला न्यायचं म्हणजे सरासरी १४ जी (गुरुत्वाकर्षणाच्या १४ पट प्रवेग). त्यात इंधनाची टाकी, झडपा, ऑटोपायलटचे सेन्सर सगळं तगलं पाहिजे. बूस्टर विझला की घड्याळ सुरू होतं. मॅक २.२ ला समुद्रसपाटीवर थंड इंजिनाचा ड्रॅग ९ किलोन्यूटनच्या पुढे असतो, म्हणजे दर सेकंदाला सुमारे १५ मीटर प्रतिसेकंद वेग जातो. एक सेकंद चालतो. तीन सेकंद गेले तर मॅक ०.१३ गेला, आणि तिथून इंजिन पेटलं तरी वेग वाढवण्याइतका थ्रस्ट देईलच असं नाही.

या एका सेकंदात बरंच घडतं. मागे जोडलेला बूस्टर ड्रॅगच्या फरकानं सुटतो, आणि सुटताना नाक अंशभर जरी हललं तरी इनटेकला तिरकी हवा मिळते. एकात्म रचनेत, जिथे बूस्टरचं घन प्रणोदक रॅमजेटच्या रिकाम्या कक्षातच भरलेलं असतं, तिथे इनटेकची झाकणं उडवायची आणि बूस्टरचं अरुंद नॉझल बाहेर फेकायचं असतं. झाकणाचा तुकडा पन्हळीत अडकणं किंवा एक झाकण दुसऱ्यापेक्षा काही मिलिसेकंद उशिरा उघडणं, दोन्ही घात करतात. मग पेटवणी: फ्लेमहोल्डरच्या आडोशाला काही सेकंद जळणारी पायरोटेक्निक मशाल बसवलेली असते. इंधन एकदम पूर्ण सोडलं तर कक्षातला दाब उसळतो, शॉक बाहेर पडतो, बझ, आणि खेळ खलास. म्हणून पातळ मिश्रणावर पेटवून अर्ध्या सेकंदाच्या हिशेबानं चढवतात. आडवं उडताना जास्त सोपं जातं. चढत असताना गुरुत्वाकर्षणही वेग खातं.

इंधनाची यंत्रणा ऐकायला किरकोळ वाटते. टाकीत लवचिक पिशवी, बाहेरून नायट्रोजनचा दाब, पुढे नियंत्रक झडप. किंवा इनटेकच्या हवेवर फिरणारा छोटा टर्बोपंप. पिशवी नसेल तर ८-१० जीच्या वळणात इंधन एका बाजूला जातं, ओढनळी उघडी पडते, बुडबुडा पुढे जातो आणि दशांश सेकंदाच्या खंडानंही ज्योत जाते. नियंत्रकाला नुसता हवेतला वेग देऊन भागत नाही. सेकंदाला ८५० मीटर म्हणजे शून्य अंशाच्या हवेत मॅक २.५७, चाळीस अंशांत मॅक २.४०. इनटेकला मॅक कळतो, मीटर कळत नाहीत. म्हणून चांगला नियंत्रक इनटेकच्या पसरत्या भागातला दाब आणि शंकूवरचा दाब यांचं गुणोत्तर बघून शॉक कुठे आहे ते ओळखतो, आणि इंधन त्यानुसार कमी-जास्त करतो. थर्मामीटरवरच्या गरम दिवसाची चाचणी आणि थंड दिवसाची चाचणी वेगवेगळी करावी लागते ती याचमुळे.

धातूंबद्दल फार लिहीत नाही. ३७५ अंशांना ॲल्युमिनियम टिकत नाही, बाह्यांगाला टायटॅनियम किंवा स्टेनलेस लागतं, कक्षाला निकेलचं मिश्रधातू आणि आत हवेचा पातळ पडदा सोडणारी भोकांची लाइनर, नाहीतर सिलिकॉन रबराचं झिजत जाणारं अस्तर. टार्गेट दोन मिनिटंच उडतं हा मोठा फायदा आहे. धातूची उष्णता साठवण्याची क्षमताच बरंचसं काम करते. परतीच्या आणि पुनर्वापराच्या टार्गेटला ही सूट मिळत नाही.

इतिहासात ही सगळी दुखणी दिसतात. लॉकहीडचं एक्स-७ हे १९५१ पासूनचं रॅमजेटचं चाचणीयान, त्यावरून किंगफिशर नावाचं टार्गेट निघालं. मार्क्वार्टचं इंजिन, विमानातून सोडायचं, आणि शेवटी पॅराशूटखाली लटकत नाकाच्या लांब टोकानं जमिनीत रुतून उभं राहायचं, म्हणजे इंजिन शाबूत. त्या काळच्या क्षेपणास्त्रांना ते पाडणं इतकं जड गेलं की टार्गेट म्हणून त्याचं कौतुक फारसं कुणी केलं नाही. फ्रान्सच्या नॉर सीटी-४१ ला दोन रॅमजेट पंखांच्या टोकांना होते. अमेरिकी नौदलानं निवृत्त टॅलोस क्षेपणास्त्रांचीच व्हँडल नावाची टार्गेटं केली. तयार, उडून सिद्ध झालेलं द्रव-इंधन रॅमजेट फुकटात मिळालं. नव्यानं बनवायला घेतलेलं स्लॅट हे टार्गेट मात्र चाचण्यांत अपयशी ठरून रद्द झालं. रशियन केएच-३१ वरून केलेलं एमए-३१ ही पुन्हा तयार इंजिन उचलण्याचीच वाट होती, एकात्म रॉकेट-रॅमजेटची.

२००० साली करार झालेल्या कोयोटीनं वेगळा निर्णय घेतला: डक्टेड रॉकेट. इंधनानं भरपूर, ऑक्सिडायझर कमी अशी घन कांडी वायू तयार करणाऱ्या जनित्रात अर्धवट जळते, तो गरम, भुकेला वायू इनटेकच्या हवेत मिसळून पुरा जळतो. विशिष्ट आवेग द्रव इंधनापेक्षा बराच कमी, पण पंप नाही, पिशवी नाही, ज्योत विझण्याची भीती जवळपास नाही, आणि वर्षानुवर्षं गोदामात ठेवून हवं तेव्हा डागता येतं. जनित्राच्या तोंडाशी झडप असते, तिनं वायूचा प्रवाह कमी-जास्त होतो, त्यामुळे लाटांलगत आणि उंचावर दोन्ही मार्ग एकाच टार्गेटनं होतात. अडचण त्या झडपेचीच: काजळी आणि अर्धजळके कण तिच्यावर बसतात, मार्ग अरुंद होतो, जनित्रातला दाब वाढतो आणि घन कांडी आणखी वेगानं जळते. झडपेला चाचणीत पूर्ण मुदतभर चालवून, कापून, आत किती साचलं ते मोजल्याशिवाय तिच्यावर विश्वास ठेवू नये.

चाचणीबाबत एक गोष्ट आवर्जून. जमिनीवर ६५० केल्विनची, १४ बारची, सेकंदाला २१ किलो हवा लागते, आणि ती तापवायला स्वस्त मार्ग म्हणजे तिच्यातच इंधन जाळून, खर्ची पडलेला ऑक्सिजन परत भरणं. आकारमानानं २१ टक्के ऑक्सिजन बरोबर जुळवला तरी त्या हवेत पाण्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड राहतातच. पेटवणीची वेळ आणि ज्योत विझण्याची सीमा त्यामुळे बदलते, थ्रस्टचे आकडेही थोडे सरकतात. पेटवणीच्या सीमा ठरवताना निदान काही फेऱ्या उष्णता-विनिमयकानं तापवलेल्या स्वच्छ हवेवर घ्याव्यात. आणि कक्षाला थेट नळी जोडून केलेल्या चाचणीत इनटेक नसतोच, म्हणून तिथे बझ कधीच दिसत नाही. संपूर्ण इंजिन मोकळ्या सुपरसॉनिक झोतात, दोन-तीन अंश तिरकं ठेवून चालवल्याशिवाय इनटेक आणि कक्ष एकमेकांशी कसे वागतात ते कळत नाही. हा खर्च वाचवायला गेलं की तीच चाचणी पहिल्या उड्डाणात, समुद्रावर, एकदाच होते.